तोरेहळ्ळीची लाइन

८ फेब्रुवारी १९९९, सोमवार

आजपासून ही वही. तोरेहळ्ळीचं काम जमलं की श्रेय लाटायला माणसं कुठून कुठून उगवतील, आणि फसलं की सगळी बोटं माझ्याकडे वळतील. तेव्हा तारीखवार लिहून ठेवलेलं बरं. या संस्थेत सतरा वर्षं काढल्यावर माणसाला एवढी अक्कल येतेच.

काम असं. के. आर. पुरमच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या गच्चीवर आमचा एक अँटेना. दुसरा तिथून बावीस किलोमीटरवर, होसकोट्याच्या पलीकडे तोरेहळ्ळी नावाच्या गावात, पाण्याच्या टाकीजवळच्या खांबावर. मध्ये तार नाही, म्हणजे ती कापून तांबं विकण्याचा प्रश्न नाही. गावातल्या दूध सोसायटीच्या खोलीत एक कॉम्प्युटर. मल्लेश्वरममध्ये सायबर कॅफेवाला तासाला साठ रुपये उकळतो, तेच इंटरनेट खेड्याला चहाच्या किमतीत आणि न तुटता द्यायचं. कल्पना माझी, आराखडा माझा, अँटेनाचं गणित माझं. संचालकांनी यात काय केलं असेल तर सही.

एप्रिलअखेर दिल्लीहून तिघांची समिती बघायला येणार आहे. त्यांना पटलं तर अशी चाळीस गावं आणि मी मुख्य अभियंता. नाही पटलं तर अँटेना उतरवून गोदामात, आणि मीही साधारण तिथंच.

माझ्या हाताखाली दिलाय सयाजी. टेक्निशियन. याचे पूर्वज म्हणे शहाजीराजांबरोबर इकडे आले. साडेतीनशे वर्षांत यांनी मराठीचं काय केलंय ते ऐकवत नाही. आज मला म्हणाला, ‘सर, स्वल्प बसा, मी नोडून येतो.’ म्हणजे थोडं बसा, बघून येतो. मी पुण्यात वाढलोय, माझ्या कानांना त्रास होतो. गाव निवडलं तेही याच्या मावशीचं. बाहेर वशिला म्हणतात त्याला. पण टाकीची उंची आणि दिशा नेमकी निघाली म्हणून मी गप्प बसलो.

२ मार्च

लाइन लागली. अकरा वाजून वीस मिनिटांनी पहिलं पान उघडलं. बावीस किलोमीटर, हवेतून, एकदाही न तुटता. खरं सांगायचं तर मला रडू यायच्या बेतात होतं.

गावानं काय केलं? सकाळचं दूध घालून झालेलं होतं, म्हणून पंधरा-वीस माणसं कॅन घेऊन उभी होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, यात उद्याच्या लग्नाचा मुहूर्त दिसतो का. मी शेतीच्या माहितीची चाळीस पानं स्वतः इंग्रजीत तयार केली आहेत, हवामानापासून खतांपर्यंत. ती कोणी ढुंकून पाहिली नाहीत.

कॉम्प्युटर चालवायला प्रेमा नावाची बाई नेमली आहे. सोसायटीत दूध मोजते, दहावी पास. सयाजीच्या मावशीची सून. मला पदवीधर हवा होता, पण पदवीधर तोरेहळ्ळीत राहील कशाला? ती दोन दिवसांत शिकली हे खरं. माकडालाही सायकल शिकवतात.

मावशी ही स्वतंत्र वल्ली आहे. अंबुबाई. सोसायटीच्या भिंतीला लागूनच तिचं रेशमाच्या किड्यांचं घर, मागे तुतीचा मळा. आमच्या अँटेनाची केबल त्या मळ्यातूनच खोलीत येते. मी म्हटलं, आलोच आहे तर किडे बघू. बाई दारातच आडवी. आधी पाय धुवा म्हणाली. धुतले. मग माझा खिसा पाहून म्हणाली, ‘सिगारेट आहे न्हवं? मग नको, सर. हुळांना वास सोसत नाही.’ हुळ म्हणजे किडे. दारात पांढरी भुकटी टाकलेली, सेंट लावलेल्या मास्तरणीलाही परवा हाकललं म्हणे.

आमच्या घरात सोवळंओवळं होतं. ते मी चौदाव्या वर्षी धुडकावलं आणि वडिलांचा मार खाल्ला. तेच सोवळं इथं किड्यांना! इंटरनेट आलं तरी पाय धुणं सुटायचं नाही या लोकांचं. सयाजीही निमूट पाय धुऊन, कमरेचा पट्टासुद्धा बाहेर काढून आत गेला. इंजिनियरिंगचा डिप्लोमा आहे त्याच्याकडे.

९ मार्च

वापराचे आकडे पाहिले. आठवड्यात एकशे सहा पत्रं. मी खूश होऊन उघडून पाहिली. (गावचं सगळं टपाल आधी आमच्या ऑफिसातल्या मशीनवर उतरतं आणि प्रेमानं लाइन जोडली की पुढं गावात जातं. आकडेवारीसाठी मला बघावं लागतं.) पत्रं कसली? दुबईतल्या मुलाला, ‘जेवलास का.’ के. आर. पुरमच्या कॉलेजातल्या मुलीला, ‘शनिवारी येताना गोळ्या आण.’ प्रेमा एका पत्राला दोन रुपये घेते आणि लोक देतात. वीस कोटींची योजना मांडायची आणि तिचा उपयोग गोळ्या आणायला.

समितीला दाखवायला एक तरी भरीव उपयोग हवा. शेतकऱ्यानं तज्ज्ञाला प्रश्न विचारला, तज्ज्ञानं उत्तर दिलं, पीक वाचलं. एवढंच हवं आहे. सयाजीला म्हटलं, शिकव त्यांना. तो म्हणाला, ‘विचारायचं काही आलं की विचारतील सर.’ अशा उत्तरांनी देश मागे राहिला आहे.

१२ मार्च

लाइन चार तास बंद. कारण मुंग्या. यू.पी.एस.च्या डब्यात शिरून सर्किटवर मेल्या. केबल भिंतीतून जिथं आत येते तिथून रांग, आणि ती मळ्यातून थेट खांबापर्यंत.

गेलो तर प्रेमानं आपल्या बुद्धीनं उपाय करून ठेवला होता. टेबलाचे चारही पाय पाण्यानं भरलेल्या वाडग्यांत! किड्यांच्या मांडणीला असंच करतात म्हणे, मुंगी चढत नाही. दोनशे तीस व्होल्टच्या खाली पाणी. मी तिला सगळ्यांसमोर झाडलं आणि वाडगे बाहेर काढायला लावले. तिनं वाडगे उचलून पाणी तुतीला घातलं आणि दूध मोजायला बसली. मग सयाजीनं तोंड उघडलं. मी म्हणालो, औषध मारू. तो म्हणाला, ‘इथं औषध मारायचं नको सर. हुळं आहेत. चौथं ज्वर आलंय, आता खायला लागतील.’ ज्वर म्हणजे कात टाकायच्या आधी किडे झोपतात ते. मी म्हटलं, किड्यांचा ताप उतरेपर्यंत राष्ट्रीय प्रकल्प बंद ठेवू का?

१९ मार्च, शुक्रवार

काल पाडवा. घरी श्रीखंड. आज तोरेहळ्ळीत होसतोडकु, म्हणजे पाडव्याचा दुसरा दिवस. अख्खं गाव मटण शिजवणार, दुपारपासून पत्ते कुटणार. सयाजीची रजा. सोसायटीला कुलूप. मला याहून बरा मुहूर्त मिळाला नसता.

के. आर. पुरमच्या दुकानातून मुंग्यांचं जालीम औषध आणि पाठीवरचा पंप घेतला. गाडी टाकीपाशी उभी केली. ड्रायव्हर म्हणाला मला वासानं मळमळतं, तेव्हा मीच पंप चढवला. खांबाचं बूड, केबल, केबलच्या दोन्ही बाजूंना तुतीच्या ओळी, भिंत, खोली. उरलेलं ओतूनच टाकलं. बावन्नाव्या वर्षी पाठीवर पंप घेऊन मळ्यात हिंडणारा अभियंता या संस्थेत दुसरा दाखवा. एक माणूस भेटला नाही. सगळीकडून मसाल्याचा वास येत होता.

घरी आल्यावर बायको, हेमलता, म्हणाली, कपडे आधी बाहेर काढा, डोकं दुखतंय वासानं.

२४ मार्च

मुंगी औषधालाही नाही. लाइन पाच दिवस अखंड.

सयाजी सोमवारपासून आला नाही. चिठ्ठी पाठवली आहे, मावशीचे किडे गेले, रजा हवी. माणूस गेला तर तेरा दिवस समजू शकतो. किडे गेले म्हणून रजा! मी बिनपगारी लिहिली.

२७ मार्च

प्रेमानं दोन दिवस खोली उघडली नाही, म्हणून जावं लागलं. गाव सुतकात असल्यासारखं. किड्यांच्या घराचं दार सताड उघडं, पाय धुवायचं पाणी नाही, काही नाही. आतून दुर्गंधी. चंद्रिका म्हणजे कोष विणण्याच्या बांबूच्या जाळ्या, त्या धुऊन कोरड्या भिंतीला टेकवलेल्या. कोष विणायला दोन दिवस राहिले होते म्हणे. सगळे किडे माना हलवत हिरवं ओकून मेले. अंबुबाई उंबऱ्यावर बसली होती. मला पाहून उठलीही नाही.

माझ्या लगेच लक्षात आलं, हे काय चाललंय. नवीन अँटेना आला, किडे मेले. आता म्हणणार रेडिओलहरींनी मारले. अशा अफवा मी ओळखून आहे. समितीसमोर एक जण जरी हे बोलला की संपलं. मी सोसायटीसमोर दूध घालायला आलेल्या सगळ्यांना उभं केलं आणि अर्धा तास समजावलं. लहरी म्हणजे काय, त्यांची शक्ती किती, बल्बपेक्षा कितीतरी कमी. घरच्या ट्रान्झिस्टरनं कधी किडा मेलाय का? सयाजी तिथंच भेटला, तो कानडीत सांगत होता. कोणी एक शब्द बोललं नाही. मला वाटतं पटलं.

परत येताना गाडीत सयाजी म्हणाला, ‘लहरींचं कोणी म्हणालंच नव्हतं, सर.’

मग कशाचं म्हणतात? शेजारच्या हंबीररावाचं. त्याचा द्राक्षाचा मळा बांधाला लागून आहे. त्यानं फवारणी केली आणि वाऱ्यानं पाल्यावर आली, असं अंबुबाईंच्या घरचे म्हणतात. तो आईची शपथ घेऊन नाही म्हणतो. तीस वर्षांचा शेजार, आता बांधावरून बोलणं बंद.

गाडी के. आर. पुरमच्या फाटकात अडकली होती. मी सिगारेट पेटवली आणि विझवली. हे लिहू नये असं वाटतं, पण वही माझी आहे. मला औषधाची आठवण झाली. पण मुंग्यांचं औषध मुंग्यांसाठी असतं. आणि मी मारलं शुक्रवारी, किडे मेले रविवारी. मध्ये दोन दिवस गेले.

३ एप्रिल

प्रेमानं म्हैसूरच्या रेशीम संशोधनवाल्यांना पत्र लिहिलं आहे. कानडी शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्येमध्ये शाळेतलं इंग्रजी. माझ्या शेतीच्या पानांवर शेवटी जे पत्ते दिले होते तिथूनच पत्ता काढला. म्हणजे एकीनं तरी पानं वाचली.

सयाजीकडून वाचून घेतलं. लक्षणं, तारखा, पाला कुठल्या ओळीचा, हवा कशी होती. हंबीररावाचं नाव नाही. शेवटी प्रश्न दोन. कशानं मेले, आणि महिनाअखेर पुढची पिल्लं आणणार आहोत, त्यांना हा पाला घालावा का?

मला नेमका हाच भरीव उपयोग हवा होता. आनंद व्हायला हवा होता.

५ एप्रिल, सोमवार

उत्तर आलं. सकाळी नऊ दहाला. सरकारी माणूस इतक्या तत्परतेनं उत्तर देतो हे सतरा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

इंग्रजीत, मुद्देसूद. रोग नाही. कीटकनाशकाची विषबाधा आहे, लक्षणांत शंका नाही. द्राक्षावरची नेहमीची औषधं अशी वागत नाहीत, हे जास्त मुंग्या-वाळवीच्या औषधासारखं दिसतं. पाल्यावर किंवा जमिनीत कोणी मारलं का याची चौकशी करा. तेवढ्या भागातला पाला पुढच्या पिकाला अजिबात घालू नका, पिल्लं तर एका दिवसात जातील.

मी ते तीनदा वाचलं. प्रेमा दहाला लाइन जोडते. दहाला पाच कमी होते.

खोडलं. एक कळ दाबावी लागते.

कारण लिहितो. हे पत्र आज गावात गेलं तर चौकशी होणार, ड्रायव्हर बोलणार, समिती येण्याआधी पंचायत अँटेना उपटून फेकणार. चाळीस गावांचं इंटरनेट एका खोलीतल्या किड्यांपायी जाणार. समिती येऊन गेली की मी स्वतः काहीतरी सांगेन. फक्त तीन आठवडे. कुठल्याही शहाण्या माणसानं हेच केलं असतं.

६ एप्रिल

प्रेमानं दिवसातून चार वेळा लाइन जोडली.

७ एप्रिल

सहा वेळा.

१९ एप्रिल

परवा दिल्लीतलं सरकार एका मतानं पडलं. मला वाटलं समितीही पडेल. संचालकांनी फोन करून विचारलं, तर अधिकारी म्हणाले, सरकार पडलं म्हणून प्रवासभत्ता पडत नाही, अठ्ठावीसला येतोच. संचालक दिवसभर हा विनोद सांगत फिरत होते. यांच्या विनोदबुद्धीला माझा नमस्कार.

सयाजी हल्ली माझ्याशी कामापुरतं बोलतो. आज म्हणाला, अंबुबाईंनी हंबीररावाच्या नातवाचं बारसं टाळलं आणि पंचायतीत तक्रारीचा अर्ज दिला. हंबीररावानं द्राक्षाची फवारणीच थांबवली, नाव नको म्हणून. त्याच्या वेलीवर बुरशी चढली आहे. मग सरळ माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, ‘सर, म्हैसूरचं काही आलं का?’

नाही म्हणालो.

तो ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणाला आणि गेला. यानं मशीनची नोंदवही पाहिली असेल का? तिच्यात कोणतं पत्र कधी आलं आणि कधी गेलं ते राहतं. पण सयाजीला तेवढं सुचायचं नाही.

हेमलतानं जेवताना विचारलं, त्या बाईंच्या किड्यांचं काय झालं पुढं? मी म्हटलं, तुला काय करायचंय? ती म्हणाली, मला नाही, तुम्ही झोपेत बोलता म्हणून विचारलं. हिला नको तिथं लक्ष घालायची सवय आहे.

२५ एप्रिल, रविवार

प्रेमानं दुसरं पत्र पाठवलं काल सकाळी. ‘पहिल्याचं उत्तर आलं नाही. मंगळवारी पिल्लं येणार. कृपा करून कळवा.’ चौथा शनिवार म्हणजे ऑफिसला सुट्टी, मी घरी. म्हैसूरवाल्याला सुट्टी नसावी. दुपारी त्यानं उत्तर धाडलं आणि दोनच मिनिटांनी प्रेमानं उतरवून घेतलं. मी आज मुद्दाम ऑफिसात जाऊन नोंद पाहिली. एकदाही तुटली नाही, एक अक्षर गळलं नाही. माझीच लाइन.

उत्तरात वर लिहिलं आहे, ‘आम्ही ५ एप्रिललाच उत्तर दिलं होतं, ते पोचलेलं दिसत नाही, पुन्हा पाठवत आहोत.’

म्हणजे आता गावाला माहीत आहे की विष होतं. कोणाचं, ते नाही. बुधवारी समिती येणार, त्याची सगळी तयारी नीट आहे. खोलीला रंग दिला. मला भीती वाटते, हे लिहून टाकतो.

२८ एप्रिल, बुधवार

आज जे झालं ते क्रमानं लिहितो.

समिती दहाला आली. तिघे, त्यांत एक टक्कलवाले स्वतः रेडिओचे अभियंते, बाकी दोघे फाइलवाले. संचालक टाय लावून. सोसायटीसमोर मांडव, नारळपाणी, पंचायतीची माणसं, दूध घालणारे सगळे. हंबीरराव एका कडेला, अंबुबाई दुसऱ्या कडेला. मी दहा मिनिटं इंग्रजीत बोललो. मग टक्कलवाले म्हणाले, आता वापरणाऱ्यांचं ऐकू.

प्रेमा उठली. तिनं माझी चाळीस पानं उघडली नाहीत. दुबईचं पत्र दाखवलं, कॉलेजच्या मुलीचं दाखवलं, मग म्हैसूरचं दाखवलं. किडे कसे मेले, तिनं काय विचारलं, काय उत्तर आलं, हे सगळं ती सावकाश सांगत होती आणि सयाजी हिंदीत फिरवत होता. कालच पिल्लं आली आहेत, दोन दिवस पलीकडच्या गावचा पाला विकत आणून घालतोय, हे वाचलं नसतं तर आज मळ्यातला घातला असता, असं तिनं सांगितलं. फाइलवाले भराभरा लिहून घेत होते. संचालकांनी माझा खांदा दाबला. दोन महिने मी जे मागत होतो ते समोर घडत होतं. मी घामानं भिजलो होतो.

टक्कलवाल्यांनी पत्राची छापील प्रत मागून घेतली आणि वरची ओळ बोटानं दाखवली. पाच तारखेचं उत्तर पोचलं नाही, हे कसं? किती पत्रं अशी हरवतात? प्रेमा म्हणाली, ‘दुसरं कुठलं हरवलं नाही, सर. हेच.’ ते माझ्याकडे वळले. स्वस्तात देणं सोपं असतं, म्हणाले, भरवशाचं देणं अवघड. तीन आठवडे पत्र न पोचणारी लाइन मी चाळीस गावांना कशी देऊ? संचालक मध्येच म्हणाले की रेडिओ आहे, हवामानानं एखादं गळतं. चालायचंच.

मला काय झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही. मी या वहीत तिथल्या जवळजवळ प्रत्येक माणसाबद्दल काय काय लिहिलं आहे ते मला माहीत आहे. पण त्या लाइनीबद्दल कधी वावगं लिहिलं नाही. एप्रिलच्या उन्हात, पाडव्याच्या पावसात, बावीस किलोमीटर, एकही अक्षर न गाळता. आणि तिला हा माणूस दोन पैशांच्या पेनानं बेभरवशाची लिहिणार. लिहायला लागलाच होता.

मी म्हणालो, ‘लाइनीनं काही हरवलेलं नाही. पत्र पाच तारखेला नऊ दहाला आमच्या मशीनवर आलं. मी खोडलं.’

इंग्रजीत म्हणालो होतो. मांडवात कोणाला कळलं नसतं. पण टक्कलवाल्यांनी ‘का?’ असं विचारलं, आणि मी बोलायच्या आधी सयाजीनं माझं वाक्य कानडीत सांगून टाकलं. अगदी सपाट आवाजात. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

मग बाकीचंही सांगावं लागलं. मराठीतच सांगितलं, निम्म्याहून जास्त लोकांना कळतं. होसतोडकुच्या दिवशी आलो होतो. मुंग्यांचं औषध मी मारलं. हंबीररावांनी नाही.

हंबीरराव उठले आणि मांडवाबाहेर गेले. संचालक नारळपाण्याच्या शहाळ्यात बघत होते. टक्कलवाल्यांनी लिहायला घेतलेली ओळ खोडून पुन्हा नीट लिहिली, एवढं मला दिसलं, आणि पेनाला टोपण घातलं. मला म्हणाले, तुमचा अहवाल तुमच्या सहायकाकडून घेईन.

मला वाटलं होतं अंबुबाई आता काहीतरी बोलतील. शिव्या देतील, रडतील. मी त्याची तयारी केली होती. माफीची वाक्यंही जुळवली होती, आणि खरं सांगायचं तर चांगली जुळली होती. त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, ‘कुठनं कुठवर मारलं, तेवढं दाखवा.’

आम्ही मळ्यात गेलो. त्या, प्रेमा आणि मी. खांबापासून सुरुवात केली. ही ओळ, म्हटलं. ही पण. अंबुबाई प्रत्येक ओळीच्या तोंडाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधत येत होत्या. नऊ ओळी झाल्या. दहावीपाशी मी थांबलो. पंप इथं संपला की पुढं, मला आठवेना. अकरावी असेल म्हणालो. त्यांनी विचारलं, ‘नक्की?’

मी म्हणालो, नक्की नाही.

‘वारं कुठल्या अंगाचं होतं त्या दिवशी?’

मटणाचा वास गावाकडून येत होता एवढं आठवलं, पण मी सगळीकडे फिरत होतो. वारं मी बघितलं नव्हतं. तसं सांगितलं.  मळा चांगला पोसलेला होता, पाला हाताएवढा. पिल्लांना पंधरा दिवस पुरला असता. मग त्यांनी बांधलेल्या चिंध्या एकेक करून सोडल्या.

‘सगळाच टाकायचा,’ त्या प्रेमाला म्हणाल्या, आणि दोघी विळे घेऊन पहिल्या ओळीला बसल्या.

मी बांधावर उभा होतो. मांडवातून माणसं पांगत होती, आमची गाडी हॉर्न देत होती. मी म्हणालो, मलाही एक विळा द्या. अंबुबाईंनी मान वर केली नाही. प्रेमा हात न थांबवता म्हणाली, ‘राहू दे, सर. तुम्हाला जमायचं नाही.’